निवडली अठरा, लागली सतरा

रा. रा. तारीखपेटीकार यांसी,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. ज्या निवासाच्या वेबसाइटवर तुमच्या कारागिरीची भेट झाली, त्या निवासाचं नाव ठाऊक आहे, पण ते लिहीत नाही. तुमची ही पेटी खोल्यांच्या बुकिंगपासून रजेच्या अर्जापर्यंत सगळीकडे बसलेली आहे. एकाला चव्हाट्यावर आणून बाकीच्यांना साव का ठरवायचं?

पेटी म्हणजे ती हो. फॉर्मवर ‘कधीपासून – कधीपर्यंत’ असा चौकोन असतो, त्याला बोट लावलं की कॅलेंडर उघडतं, एक तारीख दाबायची, मग दुसरी दाबायची, की मधले दिवस निळे होतात. तुमच्या धंद्यात तिला डेट रेंज पिकर म्हणतात असं माझा भाचा सांगतो. तो पुण्यात तुमच्याच जातकुळीचं काम करतो. तेव्हा या पत्रातलं तांत्रिक ज्ञान त्याचं आणि राग माझा.

आधी काय घडलं ते सांगते. आमच्याकडे नारायण नागबळी करायचा होता. त्र्यंबकेश्वरचा हा विधी तीन दिवसांचा, आणि ते तीन दिवस यजमानाने त्र्यंबक सोडायचं नाही. नाशिकहून त्र्यंबक सुमारे तीस किलोमीटर. एरवी आम्ही सकाळी दर्शनाला निघतो आणि दुपारच्या जेवणाला इंदिरानगरात परत असतो. पण गावातच राहायचं म्हटल्यावर खोल्या घेणं आलं. गुरुजींनी पंचांग उघडून फेब्रुवारीतले १८, १९, २० असे दिवस दिले. दीर-जाऊबाई इंदूरहून येणार, नणंद बेळगावहून. एकूण बारा माणसं, चार खोल्या. घरात ‘हिला मोबाइलवरचं सगळं येतं’ अशी माझी ख्याती असल्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

मी १८ दाबली. २० दाबली. तीन घरं निळी झाली. पैसे भरले, ते मात्र एका झटक्यात गेले. त्या बाबतीत तुमच्या फॉर्ममध्ये काडीचाही दोष नाही.

अठराला पहाटे सहा वाजता नवी धोतरं, नव्या साड्या, सोन्याच्या नागाची इवलीशी डबी आणि थंडीने कुडकुडणारे बारा जण असा लवाजमा त्या निवासाच्या दारात उभा राहिला. मॅनेजरने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही काल यायला हवं होतं.” बुकिंग १७ ते १९. काल आला नाहीत, म्हणून ‘नो शो’. नो शो म्हणजे बुकिंग रद्द, आणि रद्द म्हणजे पैसे परत नाहीत. एसएमएस उघडून पाहिला तर खरंच, त्यातही १७ ते १९ लिहिलेलं. तो मी वाचला नव्हता. एवढा दोष माझ्या नावावर मांडून घ्या. बाकी पडद्यावर मी स्वतःच्या बोटाने अठराच दाबली होती आणि शेवटपर्यंत अठराच दिसत होती.

मॅनेजर माणूस भला. म्हणाला, “सगळ्यांचं असंच होतं बघा. फोन करून विचारतात त्यांना आम्ही सांगतो, एक दिवस पुढची टाका.”

तारीखपेटीकार, हे वाक्य जरा बसून वाचा. त्र्यंबकातल्या एका काउंटरवर एक मनुष्य पगार घेऊन लोकांना तुमच्या चुकीचा उतारा शिकवतो आहे. फोन करणारे एकोणीस टाकून अठरा मिळवतात, न करणारे अठरा टाकून सतरा. कोण कुठल्या पंथाचा ते संगणकाला कळत नाही, म्हणून मॅनेजरने शेजारी एक लांबट वही ठेवली आहे, आणि खऱ्या तारखा त्या वहीत पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. आता गंमत अशी, की उद्या तुम्हाला साक्षात्कार झाला आणि तुम्ही चूक गुपचूप दुरुस्त केलीत, तर फोन करणारे सगळे सज्जन बुकिंगच्या एक दिवस आधीच उगवू लागतील.

आम्हाला शेवटी एक हॉल आणि बारा गाद्या मिळाल्या. दिरांच्या घोरण्याची किंमत मी तुमच्या खात्यावर मांडलेली नाही.

विधी उरकून घरी आल्यावर भाच्याला फोन लावला. माझं सांगून व्हायच्या आतच तो हसायला लागला. “मावशी, टाइमझोन!” मग त्याने समजावलं ते असं. मी कॅलेंडरवर अठरा दाबली, तेव्हा तुमच्या जावास्क्रिप्टने तिचा दिवस केलाच नाही, क्षण केला. अठरा फेब्रुवारी, रात्रीचे बारा, भारतीय वेळ. सर्व्हरकडे पाठवताना त्या क्षणाचं जागतिक वेळेत रूपांतर झालं. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे तिकडे अजून सतरा तारखेची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले. मग तुम्ही त्यातला वेळेचा भाग कात्रीने कापून टाकलात. हातात उरली सतरा.

“मग करणाऱ्याला दिसलं कसं नाही?” मी विचारलं.

याचं त्याने दिलेलं उत्तर मला फार आवडलं. म्हणाला, तपासताना तो घरं दाबत बसला नसेल, त्याने ‘आज’ हे बटण दाबलं असेल. बटणातून येणाऱ्या तारखेला रात्रीचे बारा चिकटत नाहीत, तेव्हाची चालू वेळ चिकटते. सकाळी दहाला ऑफिसात बसून दाबलं, तर जागतिक वेळेने पहाटेचे साडेचार, आणि तारीख तीच. म्हणजे त्या बटणापुरती तुमची पेटी सकाळी साडेपाचनंतर अगदी बरोबर चालते. तुम्ही जागे असता तेवढा वेळ ती निर्दोष असते. रामकुंडावर चार वाजता अंगावर पाणी घेणारी माणसं तुमच्या तपासणीत बसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

या साडेपाचावरून एक गोष्ट लक्षात आली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जागतिक मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते. म्हणजे तुमच्या सर्व्हरचा दिवस काकड आरतीच्या सुमारास बदलतो. आमच्या पंचांगातला वारही मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. फेब्रुवारीत नाशिकचा सूर्योदय सातच्या सुमारास, मे महिन्याच्या शेवटी तर सहाच्याही आत. उन्हाळ्यात तुमच्यात आणि पंचांगात अर्ध्या तासाचंही अंतर नसतं! तुम्ही स्वतःला आधुनिक समजत होता आणि नकळत निघालात पंचांगवाले. फक्त पंचांगवाल्यांना आपण काय करतो ते ठाऊक असतं. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्याच्या आत संपली, तर तिला ते क्षयतिथी म्हणतात, तसं छापतात, आणि त्या दिवशीचं श्राद्ध कधी करायचं त्याचा नियमही देतात. तुम्ही तारखेचा क्षय केलात आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीत.

वेळेवरून भांडायची या मुलखाला सवय आहे म्हणा. १९०६ साली सरकारने भारतीय प्रमाणवेळ आणली, तरी मुंबईत जुनं मुंबई टाइम १९५५ पर्यंत तग धरून होतं, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. पण त्या भांडणातही तारखेला कुणी हात लावला नव्हता.

भाच्याच्या मते सगळा दोष तुमचा नाही. ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थांनी जावास्क्रिप्टचा पहिला अवतार १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभा केला. (दहा दिवस तुमच्या मोजणीने की आमच्या, ते पुढे बघू.) तारखेची यंत्रणा त्या वेळच्या जावावरून जशीच्या तशी उचलली. तिच्यात जानेवारी हा शून्यावा महिना आहे आणि डिसेंबर अकरावा. आणि ज्या कॅलिफोर्नियात हे घडलं तिथली मध्यरात्र जागतिक वेळेत त्याच तारखेच्या सकाळी पडते, त्यामुळे त्यांना आपली ही चूक जन्मात दिसायची नाही; त्यांची वेगळी, उलट्या बाजूची असते. ठीक आहे. पण तुम्ही तर ग्रीनिचच्या पूर्वेला बसता ना? पगार तर भारतीय वेळेने महिनाअखेरीलाच लागतो ना? तो एक दिवस मागेपुढे झाला असता तर हा दोष त्याच आठवड्यात सापडला असता, अशी माझी खात्री आहे.

आता मोजणीचं. तीन घरं निळी करून तुम्ही मला बिल दिलंत दोन रात्रींचं. ते बरोबर आहे, राहण्याचा हिशेब रात्रींवर चालतो. पण तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडायची, हे निळ्या रंगात कुठे दिसतं? आमचा विधी दुपारपर्यंत चालणार. मुलाच्या कंपनीतल्या रजेच्या अर्जातही तुमचीच पेटी आहे, तोच निळा रंग, तीच तीन घरं, आणि तिथे अठरा ते वीस म्हणजे तीन दिवसांची रजा कापली जाते. एकच पेटी एके ठिकाणी शेवटचा दिवस धरते आणि दुसऱ्या ठिकाणी सोडते, आणि दोन्हीकडे दिसते तशीच. भाचा म्हणाला, सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा हेच शास्त्रशुद्ध. डाइक्स्ट्रा नावाच्या डच पंडिताने १९८२ साली त्यावर टिपण लिहून ठेवलं आहे. असेल. आम्ही दोन्ही टोकं धरून मोजतो. आमच्या सात दिवसांच्या आठवड्यातच आठ दडलेले आहेत. ‘आठ दिवसांनी ये’ म्हटलं की माणूस पुढच्या त्याच वारी येतो, आणि पंधरा दिवसांनी बोलावलं की दोन आठवड्यांनी. दहावा, बारावा, तेरावा मोजताना गेला तो दिवस पहिला. तुम्ही डाइक्स्ट्राच्या पद्धतीने मोजून तेरावा घातलात तर आचाऱ्यासकट सगळं गाव आदल्या दिवशी जेवून गेलेलं असेल.

आमची भाषा फार काटेकोर आहे असा माझा दावा नाही. ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेलाही आणि येणाराही. पण परवा म्हटल्यावर समोरचा विचारतो, “येत्या ना?” तुमची पेटी कधी काही विचारत नाही. मी आधी वीस दाबून मग अठरा दाबली, तर तिने वीस गपकन गिळून अठरापासून नवा डाव मांडला. मोबाइलवर दोन महिने शेजारी शेजारी दाखवायच्या हौसेपायी दुसरा महिना पडद्याबाहेर अर्धा लोंबत होता. त्याचा गुरुवारपर्यंतचाच भाग मला दिसला. आणि टंकायची सोय? चौकोनात ‘१८’ लिहायला गेले तर चौकोन मुका. किबोर्ड वरच येईना. तारीख मला तोंडपाठ आहे, मी ती दोन सेकंदांत लिहीन, पण तुमचा आग्रह असा की आधी कॅलेंडर बघा.

हा आग्रह कुठवर जातो त्याचा पुरावा माझ्याकडे आहे. त्याच फॉर्ममध्ये ज्येष्ठ नागरिकांची जन्मतारीख मागितली होती आणि तिथेही तुम्ही हीच पेटी चिकटवलीत. सासूबाईंचा जन्म जानेवारी १९४८ चा. मी फॉर्म भरत होते जानेवारी २०२६ मध्ये. वर्ष बदलायची सोय नाही, एक महिना मागे नेणारा एक बारीक बाण. अठ्ठ्याहत्तर गुणिले बारा, नऊशे छत्तीस. एकशे आठ मण्यांच्या आठ माळा पूर्ण झाल्या आणि वर बहात्तर मणी उरले. सासूबाई शेजारी बसून मोजत होत्या, आणीबाणीपाशी आल्यावर म्हणाल्या, “जरा थांब, चहा घेऊ.” ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटांसाठी जी डिझाइनची नियमावली आहे, तिच्यात जन्मतारखेसाठी तीन साधे चौकोन सुचवले आहेत: दिवस, महिना, वर्ष. लिहा आणि मोकळे व्हा. ज्यांच्या ग्रीनिचमुळे आमची ही अवस्था झाली, त्यांनी स्वतःची सोय बरी बघितली आहे.

हे सगळं मी आत्ताच का लिहिते आहे? कारण सिंहस्थ कुंभमेळा येतो आहे, आणि नाशिकमध्ये ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या आहेत तो वेबसाइट काढतो आहे. जाहीर झालेल्या तारखांनुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७, दुसरं ३१ ऑगस्ट, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर. ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ ला. आता या तारखा तुमच्या पेटीतून काढून बघा. भाच्याने सांगितलं की तुमच्यातल्या पुष्कळांच्या पेट्या अमेरिकेतून आलेल्या असतात, त्यात महिना आधी आणि दिवस नंतर. २/८/२०२७ चं होणार आठ फेब्रुवारी. ११/९ चं नऊ नोव्हेंबर. १२/९ चं नऊ डिसेंबर. तिन्ही तारखा कॅलेंडरात असतात, त्यामुळे पेटी बिनतक्रार घेणार. फक्त ३१/८ ला ती अडखळेल, कारण एकतिसावा महिना अजून तुम्ही काढलेला नाही. चारांत एक चूक पकडली जाईल, तीही महिने बाराच आहेत म्हणून. आणि वर एक दिवस मागे सरकायचा तुमचा नेम आहेच. कुणी बिहारमधून, कुणी राजस्थानातून दोन दिवसांचा प्रवास करून दोन ऑगस्टच्या पहाटे पंचवटीत उतरेल, आणि त्याला काउंटरवरून सांगतील, “काल यायला हवं होतं.” त्याला गाद्या घालायला तेव्हा हॉल शिल्लक नसेल.

पूर्ण पर्वाची मोजदादही मी करून ठेवली आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ते २४ जुलै २०२८, आमच्या मोजणीने ६३३ दिवस, तुमच्या मोजणीने ६३२, आणि मध्ये २०२८ चा एकोणतीस फेब्रुवारीही आहे. तुमच्या पेटीत टाकून पाहिलं. ‘कमाल तीस दिवस निवडता येतील’ असा लाल अक्षरांत निरोप आला. निदान एकदा तरी तुम्ही काहीतरी स्पष्ट बोललात.

त्र्यंबकात दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींनी आमच्या घराण्याची नामावळी काढली. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की पान उघडतं. आमच्या पानावर सासऱ्यांच्या आजोबांची मोडीतली नोंद आहे: शके १८५४, श्रावण वद्य नवमी, बरोबर कोण कोण आलं होतं, खाली सही. बोरूने लिहिलेलं, शाई तपकिरी झालेली. मधल्या काळात मुंबई टाइम गेलं, वऱ्हाड-मध्यप्रांत गेला, मोडी वाचणारे गेले. नवमीची अष्टमी झाली नाही. गुरुजींनी त्याच्याखाली आमची नोंद केली, आणि करताना मला विचारलं, “आज एकोणीसच ना?” मी म्हटलं, “इथे एकोणीस. वेबसाइटवर विचाराल तर अठरा.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तिथी लिहिली.

काय करावं, तेही भाच्याने सांगितलं आहे, फुकट देते. तारीख ही तारीख म्हणूनच ठेवा, तिला घड्याळ बांधू नका. २०२६-०२-१८ अशी साधी अक्षरं पाठवा. आयएसओ ८६०१ नावाचं हे मानक १९८८ पासून आहे, आणि त्यात महिना आधी की दिवस आधी हा वादच उरत नाही. जावास्क्रिप्टमध्ये आता टेम्पोरल नावाची नवी सोय आली आहे, तिच्यात ‘प्लेनडेट’ म्हणून वेळेविना नुसती तारीख असते. भाषा जन्मल्यावर तीस वर्षांनी का होईना, कुणाला तरी सुचलं. ब्राउझरमध्ये आधीच असलेले दोन साधे तारीख-चौकोन शेजारी ठेवलेत तरी माझ्यासारखीचं भागतं. आणि पैसे घ्यायच्या आधी एक ओळ दाखवा: ‘बुधवार १८ फेब्रुवारी दुपारी बारापासून शुक्रवार २० फेब्रुवारी सकाळी दहापर्यंत, दोन रात्री’. वार लिहिला की आमच्या पिढीला चूक लगेच दिसते. अठराचं सतरा झालेलं नजरेतून सुटेल, बुधवारचा मंगळवार सुटायचा नाही.

आणि दुरुस्त कराल तेव्हा त्या मॅनेजरला आधी एक फोन करा. त्याच्या वहीत पुढच्या तीन महिन्यांची माणसं पेन्सिलीने लिहिलेली आहेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
नो शो (खोल्या चार)
नाशिक

ता. क. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “एवढं टाकून बोलू नये गं, पोर असेल कुणाचं तरी. येत्या अठराला जेवायला बोलाव त्याला, पुरणपोळी करू.” मी म्हटलं, “आई, तो सतराला येईल.” त्यांनी क्षणभर विचार केला. म्हणाल्या, “मग त्याला एकोणीस सांग.”